मॉस्कोचं तिकीट

मिशिगनमधला हिवाळा लांबलचक असतो. दिवाळीचा कार्यक्रम आटोपला की संक्रांतीपर्यंत मंडळाला फारसं काम नसतं, आणि बाहेर बर्फ असल्यामुळे माणसांना कुठे जायचंही नसतं. म्हणून आमच्यापैकी बारा-पंधरा जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमून एखादं नाटक वाचतात. ज्याच्या घरी वाचन, त्याच्याकडे चहा. बाकीच्यांनी एकेक पदार्थ आणायचा. आजवर आम्ही पु.ल., कानेटकर, तेंडुलकर, एलकुंचवार वाचले. यंदा मात्र गटातल्या एका ताईंनी हट्ट धरला, की एकदा परदेशी नाटक घेऊ या. दोघीतिघींनी मिळून इंग्रजी भाषांतरावरून मराठी वाचनप्रत तयार केली आणि आम्ही आंतोन चेकॉव्हचं 'थ्री सिस्टर्स' वाचलं. तीन बहिणींच्या भावाची, आंद्रेईची भूमिका माझ्याकडे आली. माझ्या आवाजात आपोआपच एक कंटाळा आहे, असं ताईंचं मत पडलं.

वाचन संपलं. नाट्यगटात फक्त बटाटेवड्यांसाठी येतो असं स्वतःच कबूल करणारे आमचे एक काका म्हणाले, "अहो, पण या बायका तिकीट काढून मॉस्कोला जात का नाहीत?"

सगळे खो खो हसले. हसणं ओसरल्यावर कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "आपण तरी कुठे गेलो?" मग कोणीच काही बोललं नाही. यजमानीणबाईंनी चहा आणला आणि विषय बदलला.

मला मात्र काकांचा प्रश्न घरी घेऊन जावा लागला. या नाटकावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण काकांनी विचारलं तेच विचारून हे नाटक पुन्हा वाचलं तर काय हाती लागतं, ते इथे मांडतो.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. मॉस्को आर्ट थिएटरने हे नाटक १९०१ साली रंगभूमीवर आणलं. रशियातल्या एका लहान शहरात प्रोझोरोव्ह कुटुंब राहतं: ओल्गा, माशा आणि इरिना या तीन बहिणी आणि त्यांचा भाऊ आंद्रेई. अकरा वर्षांपूर्वी वडिलांची लष्करातून इथे बदली झाली म्हणून हे सगळे मॉस्कोहून आले. नाटक सुरू होतं तेव्हा वडिलांना जाऊन बरोबर एक वर्ष झालेलं आहे. भावंडं शिकलेली आहेत, तीन-तीन परकीय भाषा जाणतात, आणि या गावात त्या भाषांचा काही उपयोग नाही. मनात एकच ध्यास: मॉस्कोला परत जायचं.

नाटक संपतं तेव्हा सुमारे चार वर्षं उलटलेली असतात. मॉस्कोला कोणीही गेलेलं नसतं.

हे नाटक म्हणजे हुरहुरीचं, अधुऱ्या स्वप्नांचं काव्य, असं सर्वसाधारणपणे म्हटलं जातं. ते खोटं नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसलो आणि पाहिलं, तर मला त्यात हुरहुरीपेक्षा तारखा जास्त सापडल्या. पहिल्या अंकात मे महिना आहे, इरिनाचा नामदिवस आहे. ती पाहुण्यांना सांगते, शरद ऋतूपर्यंत आम्ही तिकडे असू. दुसऱ्या अंकात हिवाळा आहे आणि आता जायचं ठरलंय जूनमध्ये. इरिना मध्ये किती महिने उरले ते मोजते. तिसऱ्या अंकात गावात आग लागली आहे, रात्रीची धावपळ आहे. इरिना चोविशीला आली आहे, शिकलेलं इटालियन विसरत चालली आहे, आणि आपण मॉस्कोला कधीच जाणार नाही असं रडत रडत बोलून जाते. त्याच अंकाच्या शेवटी ती ओल्गाची विनवणी करते, की काहीही करू, पण मॉस्कोला जाऊ. चौथ्या अंकात मात्र तारीखच नाही.

शरद, मग जून, मग कधीतरी, मग नाहीच. आपल्यापैकी ज्यांनी 'दोन वर्षं अनुभव घेऊ आणि परत जाऊ' म्हणून विमान पकडलं, त्यांना हा हिशोब नवा नाही. आधी ग्रीन कार्ड, मग घराचं कर्ज, मग 'मुलगी आठवीत जायच्या आत'. आठवी झाली की 'आता कॉलेज संपू दे'.

पण मी हा लेख परत जाण्याविषयी लिहीत नाही. इथे राहिलो यात काही पाप नाही, आणि आता बहुतेकांचं घर हेच आहे. माझा विषय त्याहून छोटा आणि जास्त टोचणारा आहे. ज्यासाठी विमान लागत नाही, व्हिसा लागत नाही, ते तरी आपण का करत नाही?

आता त्या बहिणींना एकेक करून विचारू या. ओल्गा शिक्षिका आहे, शाळेतल्या कामाने तिचं डोकं दुखतं. माशाचं लग्न अठराव्या वर्षी झालंय, नवरा त्याच गावात शिक्षक आहे. आंद्रेईला मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक व्हायचंय, तो झाला की सगळेच जातील. यातली कुठलीही गोष्ट खोटी नाही. चेकॉव्हचं मोठेपण मला इथे दिसतं. एखाद्या सुमार नाटककाराने या माणसांना आळशी किंवा ढोंगी रंगवलं असतं आणि आपण वर बसून त्यांना हसलो असतो. चेकॉव्ह प्रत्येकाच्या तोंडी खरीखुरी अडचण देतो. त्या खरेपणामुळेच आपल्यालाही ती पटते.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, कारण आणि सबब. मूळ अरबीत 'सबब' म्हणजे कारणच. आपल्या सरकारी अर्जांत अजूनही 'सबब, विनंती मान्य व्हावी' असं लिहितात, तिथे त्याचा अर्थ 'म्हणून' इतकाच. घरात मात्र आई 'सबबी सांगू नकोस' म्हणाली की अर्थ पार वेगळा होतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मला फार बोलके वाटतात, कारण दिसायला दोन्ही गोष्टी सारख्याच असतात. मग ओळखायचं कसं? या नाटकाने मला एक कसोटी दिली. कारण दूर झालं की माणूस निघतो. सबब दूर झाली की तिच्या जागी दुसरी येते. वडिलांची नोकरी हे मॉस्को सोडण्याचं कारण होतं. वडील गेले, वर्ष झालं, कारण संपलं. कोणीही निघालं नाही. आता भावाची प्राध्यापकी. भावाने लग्न केलं, जुगार खेळू लागला, स्थानिक कारभारी मंडळात नोकरीला लागला, प्राध्यापकी संपली. तरीही कोणी निघालं नाही. तिकिटाला किती पडतील, मॉस्कोत उतरायचं कुठे, असा साधा प्रश्न चार अंकांत कोणीही विचारत नाही. काकांनी विचारला तोच पहिला!

ते असं का वागतात? मला वाटतं, मॉस्को त्यांना गमवायचं नाही. गेलं की ते एक साधं शहर होणार, तिथेही डोकं दुखणार, तिथेही भाडं भरावं लागणार. न जाता ते जसंच्या तसं राहतं. आपल्या मनातलं ध्येयही असंच असतं. 'मला वेळ मिळाला असता तर मी गाणं शिकलो असतो' असं म्हणणाऱ्याचा गळा कोणी तपासत नाही. शिकायला बसलेल्याचा मात्र पहिल्याच दिवशी तपासला जातो. सबब ही दुसऱ्याला सांगण्यापुरती नसते. परीक्षेला बसायचं टाळून पास झाल्याचं समाधान आपण तिच्यातून स्वतःला देत असतो.

इतर पात्रांकडे पाहिलं तरी हेच. वर्शिनिन नावाचा लष्करी अधिकारी सतत सांगतो, की दोन-तीनशे वर्षांनी जीवन फार सुंदर होईल. स्वतःच्या घरातल्या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे दोन-तीनशे वर्षांऐवजी 'पुढची पिढी' असते. चेबुतिकिन हा म्हातारा डॉक्टर वर्तमानपत्रांपलीकडे काही वाचत नाही आणि वैद्यक पार विसरलाय. एक रोगी त्याच्या हातून दगावतो. तो वाचताना आमच्या गटातले एकजण हळूच म्हणाले, "याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप असतं तर काही विचारायला नको."

आपल्या नाटकांत शोधायला गेलं तर एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला तो ट्रॅक्टर आठवतो. देशपांड्यांच्या वाड्यापुढे तो गंजत उभा असतो. तो चालवतही नाहीत आणि हलवतही नाहीत. आपल्या बेसमेंटमधली ट्रेडमिल, जिच्यावर आपण शर्ट वाळत घालतो, ती त्या ट्रॅक्टरची धाकटी बहीण. 'बटाट्याची चाळ'मधल्या 'उपास' या लेखातल्या पंतांचं वजनही काही कमी होत नाही, आणि आपण पोट धरून हसतो. पण पंत निदान वजनाच्या यंत्रावर उभे राहतात! प्रोझोरोव्ह भावंडं कधी यंत्रावर चढतच नाहीत, म्हणून तिथे हसू येत नाही.

वाचनानंतरच्या चर्चेत एका मैत्रिणीने माझ्या म्हणण्यावर जोरदार आक्षेप घेतला, तो इथे नोंदवायलाच हवा. ती म्हणाली, "तुम्ही त्या बायकांना फार सहज दोष देताय. १९०० सालच्या रशियात बाईला असं उठून जाता येत होतं का? आणि पैसा कुठे होता? भावाने तर घर गहाण टाकलं!" तिचं म्हणणं खरं आहे. घर चौघांच्या मालकीचं असताना आंद्रेई ते परस्पर गहाण टाकतो आणि पैसे त्याच्या बायकोच्या, नताशाच्या हातात जातात. तिसऱ्या अंकापासून बहिणींच्या हातात खरोखरच फारसं काही उरत नाही.

पण म्हणूनच मी नाटक तिसऱ्यांदा वाचलं आणि मला या नाटकातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट दिसली. पहिल्या अंकात घर त्यांचं होतं. ते विकून जायचं असं इरिना स्वतःच म्हणत होती. तेव्हा जी सबब होती, ती चौथ्या अंकात खरोखरीचं कारण झालेली आहे. सबब पोसत राहिलं की ती एक दिवस खरी होते. मग कोणी दोष देऊ शकत नाही, आणि करताही काही येत नाही.

इथवर मी समीक्षकाचा आव आणून लिहिलं. आता आंद्रेईबद्दल लिहायला हवं, कारण ती भूमिका माझी होती.

पहिल्या अंकात आंद्रेई सांगतो, की उन्हाळ्यात त्याला एक इंग्रजी पुस्तक भाषांतरित करायचंय. एकच ओळ आहे. पुढे त्या पुस्तकाचं काय झालं, हे नाटकात कुठेही येत नाही. वाचताना मी ती ओळ पुरती म्हणू शकलो नाही. ताईंना वाटलं, माझा चष्मा घसरला.

माझ्या कपाटात एक रुमाल आहे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनी कागदपत्रं ज्या कापडात बांधतात तो. आमचं मूळ गाव वाईजवळचं. पणजोबांकडे कुळकर्णीपण होतं, त्यांचे हिशोब, पत्रं, जमिनीचे कागद, सगळं मोडीत. १९९१ साली मी इकडे आलो तेव्हा वडिलांनी तो रुमाल माझ्याकडे दिला, कारण भावंडांत मलाच इतिहासाची आवड होती. मी शब्द दिला, की मोडी शिकेन आणि सगळं बाळबोधीत उतरवून काढेन.

माझ्या सबबी ऐका. इथे मोडी शिकवणारं कोणी नाही. व्हिसाची टांगती तलवार आहे. २००१ साली नोकरी गेली. मुलांचं सॉकर. रविवारची मराठी शाळा. आणि सगळ्यात प्रतिष्ठित सबब म्हणजे आपलं मंडळ! कार्यकारिणीत दोनदा, नाटकात चारदा, याच स्मरणिकेचा संपादक एकदा. मराठीची सेवा करण्यात मी इतका गढलो होतो, की घरातलं मराठी वाचायला मला सवड झाली नाही. यातलं काहीही खोटं नाही, हे पुन्हा सांगतो.

आणि मोडी शिकवणारं कोणी नव्हतं, असंही नाही. साताऱ्याला माझी आत्या होती. शाळेत असताना ती मोडी शिकली होती आणि शेवटपर्यंत वाचू शकत होती. शिवाय त्या कागदांतली माणसं तिला नावानिशी ठाऊक होती, कोण कोणाचा मेहुणा, कोणाची विहीर कोणाकडे गहाण. फोनवर दरवेळी म्हणायची, "पाठव की रे चार कागद. डोळे आहेत तोवर वाचून देते." मी म्हणायचो, "आत्या, पुढच्या सुट्टीत सगळंच घेऊन येतो. नीट बसून करू." चार कागद स्कॅन करायला अर्धा तास लागला असता. पण मला चार कागद नको होते, मला सगळा रुमाल एकदम करायचा होता. 'नीट बसून करू' हे माझं मॉस्को.

आत्या २०१४ साली गेली. डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

त्याच वर्षी मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. संगणकावर मोडीचं काही करता येत नाही ही माझी आणखी एक सबब होती, तीही गेली. तरी मी बसलो नाही. आता माझ्याकडे खरोखरचं कारण आहे. अक्षर लागलं, तरी त्यातली माणसं कोण हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. पहिल्या अंकातली सबब चौथ्या अंकात कारण होते, हे मला पुस्तकात वाचून कळलं असं म्हणणं खरं नाही. मला ते आधीच कळलेलं होतं. चेकॉव्हने ते उघड केलं एवढंच.

या चेकॉव्हबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. तो स्वतः डॉक्टर होता आणि त्याला क्षय होता. १८८४ पासून त्याच्या थुंकीतून रक्त पडत असे. १८९० साली, तीस वर्षांचा असताना, तो सैबेरिया ओलांडून साखालीन बेटावर गेला. तिथे रशियन सरकारची कैद्यांची वसाहत होती. सैबेरियातून जाणारी रेल्वे तेव्हा झालेली नव्हती. घोडागाडी आणि बोटी करत पोचायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. तिथे तीन महिने राहून घरोघरी फिरत त्याने कैद्यांची आणि रहिवाशांची नोंद केली, सुमारे दहा हजार कार्डं भरली. त्याचं पुस्तक निघायला १८९५ साल उजाडलं. न जाण्यासाठी त्याच्याकडे होती तेवढी सबळ कारणं आपल्यापैकी कोणाकडे असतील असं मला वाटत नाही. आणि 'थ्री सिस्टर्स' लिहिलं तेव्हा तोच चेकॉव्ह आजारपणामुळे याल्टाला अडकून पडला होता, आणि त्याला मॉस्कोला जायची ओढ होती. खरी अडचण काय असते हे ज्याला शरीराने ठाऊक होतं, त्याने हे नाटक लिहिलं. म्हणून त्यात उपदेश नाही.

निघालेल्या माणसाला यश मिळतं असंही तो सांगत नाही. नाटकात तूझेनबाख हा एकच माणूस खरोखर पाऊल उचलतो. लष्कर सोडतो, विटांच्या कारखान्यात काम धरतो, इरिनाशी लग्न ठरवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी द्वंद्वात मारला जातो. व्यासपीठावरून 'उठा, स्वप्नांचा पाठलाग करा' असं सांगणाऱ्या वक्त्यांना हे नाटक परवडणार नाही. पण मला तूझेनबाखचा हेवा वाटतो. त्याला तारीख होती.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझी उपदेश न करता एक विनंती आहे. घरातला आपापला रुमाल कुठे आहे ते एकदा पाहा. कोणाचा तो पेटीवर साचलेली धूळ असेल, कोणाचा अर्धवट सोडलेला अभ्यासक्रम, कोणाचा आईच्या हातच्या मसाल्याचं प्रमाण लिहून घ्यायचं राहिलेलं. आणि ज्यांच्याकडे अजून 'चार कागद पाठव' म्हणणारं माणूस फोनवर आहे, त्यांनी हा लेख इथेच बाजूला ठेवावा.

माझ्यापुरतं सांगतो. वाचनानंतरच्या आठवड्यात मी रुमाल सोडला. मोडीची बाराखडी आता घरबसल्या मिळते. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांची चांगली सोय झाली! दोन महिन्यांत एक कागद लागला, तोही सगळा नाही. विहिरीच्या मोटेचा काहीतरी हिशोब आहे. चार नावं आहेत, त्यातलं एक पणजोबांचं. उरलेली तीन माणसं कोण, ते मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही.

नावं मात्र उतरवून ठेवली आहेत. पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्या नाट्यवाचनाला निदान दहा कागद बाळबोधीत घेऊन येईन, असं काकांना सांगितलंय. काकांनी ते कॅलेंडरवर लिहून घेतलं आहे.